बंद कुरण

माझ्या बीटात, म्हणजे माझ्या राखणीच्या हद्दीत, वाघ नव्हता. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याची निराशा पहिल्या ओळीतच होईल आणि पुढे माझ्यावर राग धरायचं कारण उरणार नाही. फॉरेस्टात नोकरी केली म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात. माझा मुलगा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो. त्याचे दोस्त सुट्टीच्या दिवशी घरी येतात आणि विचारतात, "काका, वाघ किती बघितले?" मी म्हणतो, "एकही नाही. गवत बघितलं." मग ते चहा पितात आणि ओव्हरटाइमच्या गप्पांना लागतात.

खरोखर गवतच बघितलं. पन्नास सालानंतरची ती वर्षं. चाकणच्या अलीकडे कुरुळीच्या वरच्या अंगाला टेकाडांची एक रांग होती. आज तिथं पत्र्याची छपरं आहेत आणि गेटावर माझ्यासारखाच खाकीतला माणूस उभा असतो. त्या वेळी त्या टेकाडांवर सरकारी कुरण होतं. मी सातवीची फायनल पास होऊन जुन्नरकडून आलेला, त्या कुरणाचा रखवालदार. कागदावर फॉरेस्ट गार्ड.

कुरण राखणं म्हणजे काय, हे शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. पावसाळा लागला की कुरण बंद व्हायचं. बंद म्हणजे कुंपण घालून नव्हे. हद्दीवर दगडांचे बुरूज रचलेले असत, त्यांना चुना फासलेला. एका बुरुजापाशी उभं राहिलं की पुढचा दिसला पाहिजे. तेवढंच कुंपण. आत जनावर घालायचं नाही, विळा लावायचा नाही. दिवाळीनंतर गवत पिकलं की त्याचा लिलाव व्हायचा. ठेकेदार गवत कापून पुण्याच्या गोठ्यांना नेत. उरलेल्या खुंटांवर मग गावाची गुरं. तोवर मी हद्दीवरून चालायचं, आत घुसलेली गुरं हाकून कोंडवाड्यात न्यायची आणि गवत चोरणाऱ्याला धरायचं. अंगात खाकी, हातात काठी, गळ्यात शिट्टी. बंदूक नव्हती. बंदूक साहेबांच्या पाहुण्यांकडे असायची.

त्यातले एक पाहुणे वकील होते. तित्तर मारायला आले आणि छातीएवढ्या गवतात हरवले. हाक मारायची त्यांना लाज वाटत होती. शेवटी गवताच्या तुऱ्यांनी त्यांना शिंका सुटल्या आणि त्या शिंकांच्या मागावर मी त्यांना गाठलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "तुम्ही वाटा नीट ठेवत नाही." चिंबळीचा एक शेतकरी होता, तो बैल आत सोडायचा आणि स्वतः बुरुजाला टेकून घोरायचा. धरलं की म्हणायचा, "मला झोप लागली राव, आन् बैलाला हद्द काय कळती?" बैल मात्र रोज बरोबर त्याच जागी आत जायचे, जिथं गवत दाट होतं.

अशी गिऱ्हाइकं. यांच्यावर लिहिलं असतं तर हा लेख हसण्याचा झाला असता. पण मला कुरुळीच्या अंजनाबद्दल लिहायचं आहे.

त्या वर्षी आम्हाला नवे रेंजर आले. रेंजर म्हणजे आमच्या वरच्याच्या वरचा अधिकारी, त्या सगळ्या भागाचा मालकच म्हणा. साहेब तरुण होते, शिकलेले होते आणि लाच खात नसत. हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की तो माणूस लबाड होता. लबाड असता तर बरं झालं असतं. लबाड माणसाला वाकवता येतं.

आधीच्या रखवालदारांची रीत अशी होती, की दुभत्या जनावरासाठी एखादी बाई काठावरचा भारा डोक्यावर नेत असली तर आपण दुसऱ्या टेकाडाकडे बघायचं. साहेबांनी ती रीत मोडली. बंद कुरणात जो सापडेल त्याचा विळा आणि दोरी जप्त करायची, चावडीवर सगळ्यांसमोर नाव वाचायचं, वर केस. त्या आषाढात माझ्या चौकीच्या कोपऱ्यात विळ्यांचा ढीग साठला.

अंजनाचा विळा त्यातच होता. वीस-बावीस वर्षांची पोर. नवरा दगडू पिंपरीला एका कारखान्याच्या बांधकामावर जायचा. तिथंच झोपडीत राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. घरी सासू कोंडाबाई, अंजना आणि नुकतीच व्यालेली म्हैस. मी शिट्टी मारली तेव्हा बाकीच्या बायका भारे टाकून पळाल्या. ही उभी राहिली.

"तू का नाही पळालीस?"

"पळून काय व्हायचं? तुमी मला वळखता."

तिनं विळा माझ्यापुढे धरला. मूठ माझ्याकडे, पातं स्वतःकडे. म्हणाली, "कालच धार लावून आणलाय. संभाळून धरा."

मी विळा घेतला. ती तिथंच उभी.

"आता म्हशीला काय घालू, तेवढं सांगा."

"विकत घे."

"कुनाकडनं? गवत तर समदं तुमच्याकडं हाय."

"साहेबांचा हुकूम आहे," एवढंच मी म्हणालो. ते वाक्य मी त्या वर्षी इतक्यांदा म्हटलं होतं की तोंडातून आपोआप यायचं.

चावडीवर तिचं नाव वाचलं गेलं. कोंडाबाई गावात मान ठेवून राहिलेली विधवा. सुनेचं नाव चोर म्हणून चारचौघांत घेतलं, हे तिला फार लागलं. कितीतरी दिवस ती विहिरीवर पाण्याला आली नाही.

आता लांडग्याकडे येतो. आमच्या त्या माळावर लांडगे होते. वाघ नव्हता, पण लांडगे होते. धनगरांचे कळप उतरले की ते मागे मागे असत. एखादं कोकरू न्यायचे. धनगर शिव्या द्यायचे आणि तेवढं सोडून द्यायचे. माणसाला लांडग्यानं हात लावल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. पहाटे हद्दीवरून जाताना बुरुजाच्या बाजूला बसलेला लांडगा मला पाहून उठायचा आणि निवांत चालत गवतात शिरायचा.

गौरी-गणपती नुकतेच होऊन गेले होते. उघडीप होती, सकाळची वेळ. मी चौकीसमोर दाढी करत होतो. बिरू धनगराची बायको ठकू उतारावरून धावत आली. बिरूचा तळ कुरणाच्या खालच्या माळावर होता.

"रखवालदार, चला! लांडगा वाघुरात घावलाय. आमच्या धन्याला फाडलंय त्यानं."

वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मी गेलो तर लांडगा त्या जाळीत गुरफटून मेलेला. ठकूनं जाळी त्याच्यावर ओढली होती आणि बिरूनं कुऱ्हाड घातली होती. बिरू दगडावर बसला होता, हाताला पटका गुंडाळलेला, पटक्यातून रक्त ठिबकत होतं.

"मेंढरांकडं बघितलंबी न्हाई त्यानं," बिरू म्हणाला. "कोकरू समोर हुतं. त्याला सोडून सरळ माझ्या अंगावर."

मी खाली वाकलो. लांडगा हाडांचा सापळा झाला होता. जबडा लोंबलेला, छातीपर्यंत लाळ वाळलेली. लहानपणी आमच्या गावात पिसाळलेलं कुत्रं मी पाहिलं होतं आणि त्यानंतर माझ्या चुलत्याचं काय झालं तेही पाहिलं होतं.

"ठकूबाई, याला कुणी शिवू नका. कुत्र्यांना बांधा. आणि साबण आणा."

साबण त्यांच्याकडे कुठला! माझ्याच चौकीतला कपड्यांचा साबण आणून मी बिरूची जखम खसाखसा धुतली. तो दात आवळून बसला. "आता पुण्याला जायचं. सुया घ्यायच्या," मी म्हटलं.

"मेंढरं?"

"मेंढरं ठकूबाई बघतील. तू मेलास तर ती कुणाची?"

ठकूनंच त्याला उठवलं.

लांडगा बिरूपर्यंत पोचण्याआधी कुठून आला, हे बघणं मला भाग होतं. एकाला चावला तर आणखी कुणाला चावला असेल. चिखल ओला होता, पावलं स्वच्छ उमटली होती. पिसाळलेलं जनावर सरळ चालतं, त्यामुळे माग काढणं सोपं गेलं. मागावर खाली सोपानतात्यांचं वावर लागलं. तात्या बांधावर बसून पोटरीला हळद लावत होते. म्हणाले, "कुत्रं हुतं वाटतं. मोठं हुतं."

तात्या पुण्याला यायला तयार होईनात. त्यांच्या ओळखीचा कुणी मंत्र घालणारा होता. त्यांना एका डोळ्यानं कमी दिसायचं. मी म्हटलं, "तात्या, त्याच दवाखान्यात डोळा पण बघतात." तात्या लगेच धोतर बदलायला उठले. थाप होती. आयुष्यभर त्यांनी मला त्या डोळ्यावरून बोल लावला, पण आयुष्य उरलं म्हणून लावला.

तात्यांच्या वावरापासून माग वर चढत होता, थेट बंद कुरणात. गवत कमरेच्या वर आलेलं. आत बरंच चालून गेल्यावर गवत तुडवलेलं दिसलं, जणू कुणी लोळलं असावं. शेजारी अर्धा कापलेला भारा. दोरी पसरलेली. गवताच्या पात्यांवर रक्त होतं आणि ते अजून सुकलं नव्हतं.

म्हणजे तिसरं माणूस होतं. ते पळालं होतं आणि विळा घेऊन पळालं होतं. माझ्या भीतीनं.

मी धावत कुरुळीत आलो. दवंडी पिटवली. चावडीपुढे माणसं जमली, बायका लांब भिंतीच्या आडोशानं उभ्या राहिल्या. मी ओरडून सांगितलं, "लांडगा पिसाळलेला होता. सकाळी कुरणात जे कुणी होतं, त्यानं पुढं यावं. केस नाही, जप्ती नाही, काही नाही. नाव कुणाला कळणार नाही. फक्त दवाखान्यात यावं, नाहीतर माणूस मरतं."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हातारी दुसरीच्या कानाला लागली. अजूनही मला वाटतं, आणखी थोडा वेळ मिळाला असता तर कुणीतरी बोललं असतं.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. त्यांचा तो फेरीचा दिवस होता. चौकीवर मी नाही म्हणून ते गावात आले. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, भाऱ्याचंही सांगितलं. सांगितलं नसतं तर पुढं काय झालं असतं, याचा विचार करून मी थकलो आहे.

साहेब मोठ्यांदा म्हणाले, "म्हणजे बंद कुरणात गवत कापलं गेलं?"

"साहेब, आज ते नको. माणसाला चावलाय तो."

"ज्याला चावला तो आणि चोर एकच आहे ना? मग चोर कोण ते आधी कळू दे. भारा ताब्यात घे, पंचनामा कर. गावानं नाव सांगितलं नाही तर गावाची चराई बंद."

"साहेब, मी आत्ताच त्यांना शब्द दिलाय."

"शब्द द्यायचा अधिकार तुला कुणी दिला? तू गार्ड आहेस की गावाचा वकील?"

हे सगळं चावडीवर, सगळ्यांच्या देखत. मी वळून पाहिलं तेव्हा भिंतीच्या आडोशाला एकही बाई उरली नव्हती.

साहेब वाईट वागत होते असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी नेमका प्रश्न विचारला होता. नंतर जीपमध्ये बसताना त्यांनी बिरूच्या हाताची चौकशीसुद्धा केली.

चाकणला इस्माईलभाई म्हणून कांद्याच्या गोण्या वाहणारे लॉरीवाले होते. मी निरोप धाडला तशी त्यांनी भरत आलेली लॉरी रिकामी केली आणि कुरुळीच्या फाट्यावर आणून उभी केली. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आधी बसवा. बातें बाद में." बिरू आणि तात्या कांद्याच्या सालपटांत बसले. कांद्याच्या वासानं तात्यांच्या डोळ्याला पाणी सुटलं आणि त्यांना वाटलं, डोळा आत्ताच सुधारायला लागला.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर उतारवयाचे होते. त्यांनी जखमा बघितल्या आणि पोटात रोज एक अशी सुयांची माळ लावून दिली. रोज यायचं तर राहायचं कुठं? इस्माईलभाईंनी दोघांना आपल्या मेहुण्याच्या लाकडाच्या वखारीत ठेवलं. बिरू पुढे कितीतरी वर्षं सांगायचा, "पोटाची चाळण केली राव, पन वखारीतल्या भाभीच्या हातची भाकर अशी खाल्ली, की सुई इसरलो."

मी डॉक्टरांना विचारलं, "अजून एक माणूस आहे, लपून बसलंय. किती दिवस हातात आहेत?"

डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही. दोन आठवडे, चार आठवडे, कधी महिने. रोग उठायच्या आत आणा. एकदा पाणी गिळेनासं झालं, वाऱ्याची झुळूक सोसेनाशी झाली, की माझ्याकडे काही नाही. कुणाकडेच नाही."

त्यानंतर मी वेड्यासारखा फिरलो. हद्दीची फेरी सोडून घरोघर गेलो. लोक ओसरीवर बसवायचे, गूळ-पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "आमच्यातलं कुनी न्हाई." कोंडाबाईच्या दारातही गेलो. तीही हेच म्हणाली. आत कुणी दिसलं नाही. मी खाकीतच जात होतो. दुसरे कपडे घालून जावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी मी एक गोष्ट केली. चौकीतले सगळे विळे पोत्यात भरले आणि चावडीवर नेऊन ओतले. म्हटलं, "ज्याचा त्यानं न्या." हुकमाविरुद्ध केलेलं ते माझं पहिलं काम. मला वाटलं, एवढं केल्यावर तरी विश्वास बसेल. बायका आल्या, आपापला विळा ओळखून घेऊन गेल्या. माझ्याशी कुणी बोललं नाही. अंजनाचा विळा घ्यायला कोंडाबाई आली.

"सून कुठंय?" मी सहज विचारलं.

"माहेरी गेली माणला."

"कधी?"

कोंडाबाईनं वाकून विळा उचलला. मग म्हणाली, "गौरी झाल्यावर." आणि विळा पदराखाली घेऊन भराभर चालायला लागली. तिची पाठ बघताना मला सगळं कळलं.

मी तसाच सायकलवर निघालो. कुरुळीहून माण म्हणजे मोशी, भोसरी, चिंचवड मागे टाकून हिंजवडीच्याही पलीकडे. तेव्हा त्या वाटेवर भाताची खाचरं होती. माणला पोचलो तेव्हा अंजना अंगणात शेंगा निवडत बसली होती. चांगली दिसत होती. डाव्या हाताच्या पंजाला फडकं बांधलेलं. मला पाहून ती उठून उभी राहिली.

"इतक्या लांब आलात? इळ्यासाठी?"

"विळा तुझ्या सासूला दिला. अंजना, हात बघू."

तिनं फडकं सोडलं. जखम भरत आली होती. दातांच्या खुणा मात्र स्पष्ट.

"शेजारणीचा इळा मागून गेले हुते. आत्याबाई म्हणाल्या, परत नाव वाचलं तर मी जीव देईन. म्हणून हिकडं आले. बरं झालंय की आता."

तिचे वडील आले. त्यांना मी सगळं समजावलं. ते भले गृहस्थ. "उद्या सकाळी नेतो," म्हणाले. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. माझ्यासारखा सरकारी माणूस पाया पडतो हे पाहून ते घाबरले आणि त्यांनी तेव्हाच बैलगाडी जुंपली.

मोठ्या रस्त्यापर्यंत गाडीनं आणि पुढे बसनं पुण्याला, असा बेत होता. मी गाडीच्या बाजूनं सायकल ढकलत चालत होतो. अंजना बोलत होती. म्हैस आता किती दूध देते, आत्याबाईंना धार काढायला जमते का, दगडूला पिंपरीत चाळीत खोली मिळणार आहे आणि मग म्हैस कुठं ठेवायची. ओढ्याच्या उतारावर वारा सुटला. तिनं पदर तोंडावर घट्ट ओढून घेतला.

"वारं सोसंना," ती म्हणाली.

मी मनाशी म्हटलं, गार वारा आहे, कुणीही पदर घेईल.

वाकडच्या अलीकडे एका हॉटेलापाशी गाडी थांबवली. वडिलांनी पितळेच्या पेल्यातून पाणी आणलं. तिला तहान लागली होती, तिनं स्वतःच मागितलं होतं. भांडं तोंडाजवळ नेलं आणि तिचा हात थरथरायला लागला. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. तिनं भांडं खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मग माझ्याकडे बघून कसनुसं हसली.

"घसा धरलाय वाटतं. जरा येळानं पिते."

वडील म्हणाले, "व्हय, गाडीत हिसकं बसल्यात."

मला माहीत होतं. त्या दोघांना नव्हतं. मी म्हणालो, "चला, बस येईल," आणि हॉटेलच्या मागे जाऊन उभा राहिलो. परत आलो तेव्हा ती विचारत होती, की पुण्यात सुया घेऊन दसऱ्यापर्यंत घरी येता येईल का. मी म्हटलं, "येईल."

डॉक्टरांनी तिला बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. वेगळ्या खोलीत ठेवलं, खिडक्या लावून घेतल्या. इस्माईलभाई पिंपरीला जाऊन दगडूला घेऊन आले. तो अंगावर सिमेंट असतानाच आला. ती त्याच्याशी बोलली, शुद्धीत होती. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही आणि त्याला कधी विचारलंही नाही. तिचे शेवटचे हाल मी लिहिणार नाही. माझ्या चुलत्याचे पाहिले होते, तसेच होते.

साहेबांना मी जाऊन सांगितलं. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "ती कुरणातच होती हे आता सिद्ध करायची गरज नाही. ती केस राहू दे." त्यांना वाटलं, त्यांनी माणुसकी दाखवली. मला त्यांच्या टेबलावरची दौत उचलून भिंतीवर फेकाविशी वाटली. मी सलाम ठोकून बाहेर आलो. पुढे ते मोठ्या पदावर गेले, आणि मी ऐकतो की चोख अधिकारी म्हणून त्यांचं नाव आहे. असेलही.

मग काहीतरी केलं असं दिसायला हवं होतं, म्हणून लांडगे मारायचं ठरलं. तेच शिंकणारे वकीलसाहेब बंदूक घेऊन आले. त्यांनी ओढ्याकाठी एक मादी मारली. तिच्या आचळांना दूध होतं. ती पिसाळलेली नव्हती, कुणाच्या अंगावर गेलेली नव्हती. तिच्यावर पाय ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला आणि मला बाजूला सरकायला सांगितलं. दोन-तीन हिवाळ्यांत त्या माळावर लांडगा दिसेनासा झाला. गावाला बरं वाटलं. गावाला दोष कसा देणार?

दिवाळीनंतर गवताचा लिलाव पुकारला, पण एकही ठेकेदार आला नाही. पिसाळलेला लांडगा ज्यात फिरला ते गवत जनावराला घातलं तर जनावर पिसाळतं, अशी अफवा पुण्याच्या गोठ्यांपर्यंत गेली होती. मी साहेबांना म्हटलं, गावाला फुकट कापू द्या. ते म्हणाले, "तशी तरतूद नाही. आणि आज फुकट दिलं तर उद्या लिलावाला कोण येईल?" वाळलेलं गवत उन्हाळ्यापर्यंत उभं ठेवलं तर वणव्याची भीती. म्हणून हुकूम आला, वारा पडलेला दिवस बघून ते जाळून टाका.

असं गवत जाळायला माणसं लागतात. एका बाजूनं आग लावायची आणि दुसऱ्या बाजूनं ओल्या फांद्यांनी ती झोडत हद्दीत ठेवायची. कुरुळीतून मजूर घेतले. त्यांत दगडू होता. आईपाशी कुणी नाही म्हणून पिंपरीचं काम सोडून तो घरी आला होता. निरगुडीची फांदी घेऊन तो नेमका माझ्या शेजारी उभा राहिला. मी त्याला दुसरीकडे पाठवणार होतो, पण काय सांगून पाठवणार?

आग चढायला लागली. गवत चांगलं पिकलं होतं, तडतडत पेटत होतं. आम्ही दोघं झोडत होतो. धुरात थोडी उसंत मिळाली तेव्हा मी म्हणालो, "दगडू, अजून वरचं टेकाड पेटलेलं नाही. हवे तेवढे भारे बांधून ने. मी बघत नाही."

"कशाला?" तो म्हणाला. "म्हस इकली."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी त्या रागाला धरून राहिलो असतो. तो पुन्हा आग झोडायला लागला. मध्येच माझ्या मागची ज्वाळा बुरुजाबाहेर निघाली होती, ती त्यानंच धावत जाऊन विझवली.

दुपार कलली तरी अर्धं कुरण शिल्लक होतं. मजूर तोंडं धुवायला ओढ्यावर गेले. दगडू फांदी खांद्यावर टाकून माझ्यापाशी आला.

"उद्या यायचं का, रखवालदार?"

"उरलंय अजून," मी म्हणालो.

"मग येतो."

तो आला. आम्ही दोघांनी उरलेलं गवत जाळलं.